काही वाटले नाही

ता. ६ ऑगस्ट

चि. मास्तरीणबाईंस,
काकूचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. तू हात धुऊन मागे लागलीस म्हणून अखेर संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. या वयात शाळेची राहिलेली परीक्षा देणारी मी एकटीच नाही हे बघून बरं वाटलं, असं लिहिणार होते. पण खरं सांगायचं तर बरंही वाटलं नाही आणि वाईटही नाही. बाकावर जाऊन बसले, एवढंच.

वर्ग टायरच्या दुकानाच्या वर आहे. जिन्यात रबराचा वास, खोलीत एक फडफडणारी ट्यूबलाइट. सर नेमके तिच्याखाली उभे राहतात, त्यामुळे त्यांचा चेहरा सारखा पेटतो आणि विझतो. माझ्या शेजारी रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर बसतो. तो धडा चालू असताना डुलक्या काढतो आणि सर त्याला उठवत नाहीत. मी कारखान्यातून थेट येते. दिवसभर शाळेच्या गणवेशांना काजं करायची, मशीनच्या थरथरीनं बोटं बधिर होतात. पेन हातात आहे की नाही ते बघूनच कळतं.

व्याकरण मला जमतंय. परवा भावे प्रयोग झाला. शिपायाने चोराला पकडले. सर म्हणाले की इथे क्रियापद कर्त्याचंही ऐकत नाही आणि कर्माचंही नाही. शिपाई एक असो की दहा, चोर बाई असो की बुवा, ते आपलं 'पकडले' म्हणून एकटंच उभं राहतं. बाकीच्यांना हे दोनदा समजावून सांगावं लागलं. मला पहिल्या झटक्यात कळलं.

गोष्टींचं मात्र अवघड आहे. पहिली कथा अशी, की एक बाई स्टेशनवर पार्सल घ्यायला येते. गाडी उशिरा येते. पार्सल उघडून बघते तर आत भलत्याच कुणाचे तरी बूट. ती ते बूट पायात घालते आणि घरी जाते. खाली प्रश्न, कथेच्या शेवटी तुम्हाला काय वाटले? मी लिहिलं, काही वाटले नाही. सरांनी खाली लाल शाईनं लिहिलंय, कारण द्या.

घरी आहे तसंच आहे. तुझे काका गेल्यापासून तुझ्या आजी माझ्याशी बोलत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. मी रडले नाही हा राग. दगडालासुद्धा पाझर फुटतो, असं त्या शेजारणीला म्हणाल्या, मला ऐकू जाईल अशा बेतानं. ताट ठेवलं की जेवतात, उचललं की हात धुतात. तुझे बाबा त्यांना कायमचं तिकडे न्यायचं म्हणतायत. नेलं तर नेलं.

प्रकृतीला जप. उत्तर लिही, लांबलं तरी चालेल.

तुझी,
काकू


ता. १४ ऑगस्ट

ती. काकूस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आमच्या शिक्षकांच्या खोलीत, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर ठेवून वाचलं. लाल पेन हातातच होतं. तुझे ऱ्हस्व-दीर्घ बघून हात शिवशिवला, पण घरच्या माणसाचे गुण कापू नयेत म्हणून सोडून दिलं.

एक सांगते, ते कर. धडा मनात वाचू नकोस, मोठ्यानं वाच. डोळे कामचुकार असतात, चार शब्द गिळून पुढे पळतात. जिभेला तसं करता येत नाही. भांडी घासताना पुस्तक समोर टेकवून ठेव. आणि त्या ड्रायव्हरला झोपू दे. तुमचे सर शहाणे दिसतात.

मी दुसऱ्यांना हे सांगते खरं, पण उन्हाळ्यापासून मी स्वतः एक पुस्तक पुरं केलेलं नाही. वर्गात मात्र गोष्ट शिकवते. नळ चालू राहावा तशी बोलत राहते, घंटा झाली की बंद करते. मुलं म्हणतात, छान शिकवता. माझ्या त्या ठरून मोडलेल्या लग्नाबद्दल आईनं आता विचारणं सोडलंय. तूही विचारू नकोस, हे तुला सांगायची गरज नाही.

आजीला न्यायचं बाबा मला काहीच बोलले नाहीत. काका गेल्यावर दोन्ही घरांत कुणी कुणाला काही सांगेनासं झालंय. तू काय म्हणालीस त्यांना? नेलं तर नेलं हे उत्तर झालं का?

आजीला नमस्कार सांग. बोलली नाही तरी सांग. माझ्यावरची माया आहे तेवढी राहू दे.

तुझी,
मास्तरीणबाई


ता. २ सप्टेंबर

चि. मास्तरीणबाईंस,
अ. उ. आ.

तुझं ऐकलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. पहिल्या दिवशी माझाच आवाज मला परका वाटला, घरात कुणी पाहुणी येऊन बोलतेय असा. बटाटे उकडत ठेवले होते आणि दुसरी कथा काढली होती. एक नावाडी असतो. गावातल्या सगळ्यांना नदीपार नेतो, सख्ख्या भावाला मात्र होडीत घेत नाही. भाऊ रोज काठावर येऊन उभा राहतो. इथवर वाचलं आणि बटाट्याचं पाणी उतू गेलं, म्हणून थांबले. शेगडी पुसत होते तर आतल्या खोलीतून तुझ्या आजींनी विचारलं की पुढे काय झालं.

मी फडकं तसंच हातात धरून उभी राहिले. इतक्या महिन्यांनी पहिलं वाक्य, तेही नावाड्याविषयी. मी म्हटलं, पुढचं उद्या. खरं तर मला पुढचं वाचताच येईना.

आता रोज संध्याकाळी त्या दाराशी खुर्ची आणून बसतात. माझ्याकडे बघत नाहीत, भिंतीकडे बघतात, पण कान इकडे. मतं विचारू नकोस. स्टेशनवरची बाई त्यांना मुळीच पटली नाही. परक्याचे बूट पायात घालणाऱ्या बाईला घरी विचारणारं कुणी नसणार, म्हणून तिचं चाललं, असं म्हणाल्या. हेच मी दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं तर ड्रायव्हर जागा झाला आणि म्हणाला, की बरोबर आहे.

पुस्तक जाड नाही, म्हणून पुरवून पुरवून वाचते. मधे व्याकरणाचा सराव घेते. तोही ऐकतात. विरुद्धार्थी शब्दांत माझ्याआधी उत्तर देतात आणि चुकलं तर पुस्तक चुकीचं म्हणतात.

सरांचं ते कारण द्या राहिलं होतं. एका रविवारी बसून दिलं. लिहिलं, की नवरा गेला त्या दिवशी दवाखान्यात सही करायची होती. मग त्यांच्या लिफ्टच्या कंपनीत कळवायचं होतं, कारण त्यांच्या भरवशावर एका इमारतीची लिफ्ट उघडी पडली होती. मग घरी माणसं आली, त्यांना चहा करायचा होता. साखर संपली, ती आणायची होती. सगळे गेले तेव्हा रडायची पाळी येऊन निघूनही गेली होती, आणि रांगेत परत उभं कुठून राहायचं ते मला कुणी दाखवलं नाही. म्हणून बूट बघूनही काही वाटले नाही.

सरांनी त्यात दोन अनुस्वार दिले, एक काना खोडला आणि कारण पुरेसे आहे असं लिहिलं. मला बोलावून सांत्वन केलं नाही, याचा मला फार आधार झाला.

तुझा चष्मा बदललास का? ममता असू दे.

काकू


ता. ९ सप्टेंबर

ती. काकूस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय. काल बाबांचा फोन आला. येत्या रविवारी ते आजीला न्यायला येतायत. आईनं खोलीही लावून ठेवली आहे. मी म्हटलं, की आता त्या दोघी बोलतात, रोज वाचन चालतं. तर म्हणाले, मला लांबून काय दिसणार. सूनबाई कामावर जाते, म्हातारं माणूस दिवसभर एकटं, आणि त्या घरात आता माझ्या भावाचं कोण आहे. ते वाईट माणूस नाहीत, तुला माहीत आहे. भाऊ गेला, त्याच्यासाठी काही करता आलं नाही, म्हणून आईसाठी करतायत.

तू तुझ्या तोंडानं सांगितल्याशिवाय हे थांबणार नाही. तुझी सगळी पत्रं काढून पाहिली. त्यात टायर आहेत, ट्यूबलाइट आहे, ड्रायव्हर आहे. तुला काय हवंय ते एकाही पत्रात नाही. तुमच्या पुस्तकात हवा-हवी-हवे भरायचा सराव असेलच. मला आजी हवी. एवढं सोपं वाक्य आहे.

लहान तोंडी मोठा घास घेतला, तर रागावू नकोस, नेहमीसारखीच जवळ धर.

तुझीच


ता. २२ सप्टेंबर

चि. मास्तरीणबाईंस,
अ. आ.

तुझे बाबा आले आणि आजींना घेऊन गेले.

मी काही बोलले नाही. बोलायचं ठरवलं होतं. वाक्य तयार होतं, सकाळी मोठ्यानं म्हणूनही पाहिलं. पण भाऊजी समोर बसल्यावर दात काढल्यावर गाल होतो तसं तोंड बधिर झालं. त्यांनी विचारलं, तुमची काही हरकत नाही ना. मी मान हलवली. कोणत्या बाजूला हलवली ते मलाही सांगता येणार नाही. तुझ्या आजी तेवढा वेळ माझ्याकडे बघत होत्या. भिंतीकडे नाही, माझ्याकडे. मग उठून आपली औषधं गोळा करायला लागल्या. मी चहा केला.

नावाड्याची गोष्ट संपायची होती, शेवटचं पान राहिलं होतं.

गाडी कोपऱ्यावर वळली. आत येऊन मी दाराशी ठेवलेली खुर्ची उचलून जागेवर नेली, कपड्यांच्या घड्या घातल्या. काही वाटलं नाही. आता याचंही कारण तू मागशील.

परीक्षा महिन्यावर आली आहे. आता मनातच वाचते.

काकू


ता. ४ ऑक्टोबर

ती. काकूस,
सा. न. वि. वि.

सुट्टीला जोडून घरी जाऊन आले. आजीची तब्येत बरी आहे, हे आधी लिहिते.

बाबा तिचं सगळं करतात. सकाळी स्वतः दूध गरम करून देतात. सातव्या मजल्यावर भरपूर उजेड आहे. पण ती खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसते. एका संध्याकाळी आईला म्हणाली, की काहीतरी वाचून दाखव. आईनं वर्तमानपत्र उचलून मथळे वाचले आणि विचारलं, आणखी काय वाचू. आजी म्हणाली, पुरे. रात्री मी पाय चेपत होते तर मला विचारलं, की त्या नावाड्यानं भावाला नेलं का. मी म्हटलं, मला ती गोष्ट माहीत नाही. तर म्हणाली, तुला माहीत असली तरी नको सांगूस, तू भरभर वाचतेस.

बाबांनी ते दारातून ऐकलं. बाहेर जाऊन बराच वेळ उभे राहिले.

मी तुला काही सांगत नाही. एकदा सांगून झालं.

तुझी


ता. २७ ऑक्टोबर

चि. मास्तरीणबाईंस,
अ. उ. आ.

परीक्षा झाली. शेवटचा पेपर आपल्या भाषेचा होता. गोष्ट वाचून काय वाटले असा प्रश्न होताच. काय लिहिलं ते निकाल लागल्यावर सांगेन. ड्रायव्हर परीक्षेत जागा होता.

पेपर टाकून बाहेर पडले ती घरी गेलेच नाही. सरळ बस पकडली. वाटेत वाक्य म्हणत नव्हते, आधी म्हणून पाहिलं की ते बिघडतं. तुझ्या बाबांनी दार उघडलं. त्यांना वाटलं, कुणाचं तरी काही झालं. मी चप्पलही न काढता म्हटलं, की भाऊजी, मला त्या हव्यात. माझ्या घरी. मागच्या वेळी मी बोलले नाही, कारण मला बोलता आलं नाही. दिवसा शेजारीण येऊन बसेल, मी दुपारची पाळी मागून घेतली आहे. एवढं एका दमात बोलले आणि उंबऱ्यावरच टेकले.

भाऊजी म्हणाले, हे तुम्ही तेव्हाच बोलला असतात तर मी आईला एक दिवसही आणलं नसतं. त्यांनी आत जाऊन आजींना विचारलं. आत त्यांची पिशवी भरलेलीच होती. तुझी आई म्हणाली, आल्यापासून ती त्यांनी उघडूच दिली नव्हती. बाबा बसपर्यंत आले, खिडकीची जागा धरून दिली. महिन्यातून एक रविवार मी येणार, असं बजावून गेले. येऊ देत. त्यांचीही आई आहे.

बस शहराबाहेर पडल्यावर आजी बोलायला लागल्या, खिडकीकडे बघत. म्हणाल्या, की मीसुद्धा रडले नाही. पोटचा मुलगा गेला आणि त्या दिवशी समोर आलेलं ताट मी संपवलं. मीठ कमी आहे हेसुद्धा माझ्या लक्षात आलं. म्हाताऱ्या बाईच्या डोळ्यांना असंही पाणी असतं, त्यामुळे कुणाला कळलं नाही. तू रडली असतीस, तर तुझ्यापाठोपाठ मलाही रडता आलं असतं. मी वाट बघत होते. तू चहा करत राहिलीस.

मी त्यांचा हात धरला असं लिहायला हवं. धरला नाही. दोघी गुडघ्यावर हात ठेवून बसलो होतो. थोड्या वेळानं त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं, झोपेनं. आपला थांबा आला. उतरायचं तर त्यांना हलवावं लागलं असतं. बस सुटली. आपला रस्ता, टायरचं दुकान, सगळं मागे गेलं. शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले, बसच्या ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, वाहक झाडू घेऊन मागून पुढे झाडत आला. आमच्यापाशी आल्यावर त्यानं पाहिलं आणि तेवढी एक ओळ सोडून पुढचं झाडलं.

तशा शांततेनं त्यांना जाग आली. त्यांनी विचारलं, आलं का घर. मी म्हटलं, अजून नाही.

तुझ्या सुट्ट्या लागल्या की इकडे ये. मला काही सांगू नकोस. माझी पाळी दुपारची आहे, सकाळी उशिरापर्यंत झोप, कुणी उठवणार नाही. तोवर पत्र येऊ दे, आणि आम्हा दोघींवर जीव असू दे.

तुझी,
काकू