कावळ्यासमोर दिलेला शब्द

श्री
सांगली,
१४ नोव्हेंबर २०२१

चि. सौ. चैत्राली हिला अनेक आशीर्वाद.

मी ठीक आहे. संजीवने घेऊन दिलेल्या टॅबवर आता बोट बरं चालतं, जोडाक्षरं तेवढी छळतात. फोनपेक्षा हेच बरं. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही काही नाही, काही नाही म्हणून गिळता.

काल संजीव सहज बोलून गेला की, दादा-वहिनी अमेरिकेतल्या कुठल्याशा वाळवंटातल्या गावाला फिरायला निघालेत. दिवसा डोंगर चढायचे आणि संध्याकाळी चांगल्याचुंगल्या ठिकाणी जेवायचं, असा बेत आहे म्हणे. मी बरं म्हटलं आणि मेथी निवडत बसले. मेथी संपली तरी मन जागेवर येईना. एप्रिलमध्ये हे गेले तेव्हा तुमच्याकडून निघायची सोय नव्हती. त्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही. धाकटा असून संजीवने अग्नी दिला, दहावा-तेरावा केला, आणि परेशने ते सगळं फोनवर पाहिलं. पण आता विमानं सुरू झालीत ना? मग पहिलं विमान आईकडे यायचं सोडून वाळवंटात का जातं? अजून वर्ष उलटलं नाही आणि तुम्ही हॉटेलं शोधताय.

मी रागावून लिहितेय असं समज, कारण रागावलेच आहे. वर्षश्राद्धाला तरी त्याने यावं. कधी येतोस, असं मी त्याला दर पत्रात विचारते आणि तो एका शब्दात उत्तर देतो, बघतो. बँकेतला कारकूनही याहून जास्त बोलतो गं.

क्षितिजाला म्हणावं, आजीला मराठीत दोन ओळी लिही. मी मास्तरीण होते खरी, पण चुका काढणार नाही. माया आहे म्हणून इतकं बोलले. तुझीही पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
आई (प्रभा)

कॅरिगलाइन, कॉर्क,
१७ नोव्हेंबर २०२१

ती. आईंना
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र भांडी घासायच्या आधी वाचलं आणि मग भांडी तशीच राहिली. तुमचा राग रास्त आहे. मी तुमच्या जागी असते तर मेथीची जुडी फेकूनच मारली असती.

पण आई, मी दमलेय हो. परेशचा जवळच्या रिंगास्किडी गावातला औषधांचा कारखाना या दोन वर्षांत एक दिवस थांबला नाही. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसते, तिथेच दिवस सुरू होतो आणि तिथेच संपतो. मध्यंतरी घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायला बंदी होती. तेवढ्या भागातली सगळी कुत्री आता आम्हाला ओळखतात. इथे कुणालाही कसं चाललंय विचारलं की ग्रँड म्हणतात, पाय मोडला असला तरी. तुमचा मुलगाही तेच म्हणायला लागलाय.

तो ग्रँड नाही. बाबा गेल्यापासून तो ताटावर बसून जेवलेला नाही. ओट्याशी उभ्या उभ्या चार घास खातो, आणि मी समोर बसले की त्याला काहीतरी काम आठवतं. मी आधी भारताचीच तिकिटं काढत होते. त्याला दाखवली तर उठून गाडी धुवायला गेला, बाहेर पाऊस पडत असताना. पुन्हा काढायला घेतली तेव्हा म्हणाला, तू आणि क्षितिजा जा. शेवटी मी चिडून विचारलं, जगात कुठे यायला तयार आहेस तेवढं सांग. तर म्हणाला, जिथे पाऊस नाही आणि ओळखीचं कुणी नाही तिथे. म्हणून हे वाळवंट. जेवायची ठिकाणं मीच शोधलीत, निदान तिथे तरी तो खुर्चीवर बसेल म्हणून.

मला भीती वाटते, की तो तुमच्याकडे कधीच येणार नाही, आणि का ते मलाही सांगणार नाही. तेवढं काढून घ्यायला मी चाललेय, मौजमजा करायला नाही. क्षितिजा मैत्रिणीकडे राहील. तुमची दोन ओळींची मागणी तिला सांगितली, तिने इंग्रजीत हो म्हटलं.

राग ठेवलात तरी चालेल, पण लिहीत राहा.

तुमची
चैत्राली

पाम स्प्रिंग्ज,
२७ नोव्हेंबर २०२१

ती. आईंना
सा. न. वि. वि.

हे पत्र मी परेशला न विचारता लिहितेय. तो आत झोपलाय. बऱ्याच महिन्यांनी असा गाढ झोपलेला पाहिला.

इथली हवा इतकी कोरडी आहे की धुतलेले मोजे तासाभरात पापडासारखे होतात. पहिल्या संध्याकाळी आम्ही एका झाडांनी वेढलेल्या अंगणातल्या हॉटेलात बसलो. ताटं येत होती आणि तो काट्याने भात इकडून तिकडे सारत होता. वाढणारी मुलगी बिचारी विचारून गेली, चव बिघडलीय का म्हणून. हा म्हणाला, ग्रँड. तो भात मी डब्यात बांधून घेतला, टाकवेना मला.

दुसऱ्या दिवशी एका दरीतली वाट चढलो. वर पोचेपर्यंत माझे गुडघे बोलायला लागले होते. सावली बघून एका खडकावर बसलो आणि मी तोच डबा उघडून मध्ये ठेवला. हात पुसायला वळले तेवढ्यात एक डोमकावळा खडकावर उतरला, चांगला कोंबडीएवढा, आणि त्याने सरळ भातात चोच घातली. मी हुसकायला गेले तर परेशने माझा हात धरला. आणि मग तो रडला, आई. मोठ्याने रडला. वाटेवरून जाणारे लोक पाणी हवंय का विचारून गेले.

मग जे सांगितलं ते असं. दहाव्याला कावळा पिंडाला शिवत नव्हता, हे तुम्हाला माहीतच आहे. गुरुजींनी सांगितलं, ज्याच्या मनात काय असेल ते बोला. संजीवभावजी बोलले, आत्याबाई बोलल्या, तरी कावळा दूरच. परेश तेव्हा कारखान्याच्या पार्किंगमध्ये शिफ्टच्या आधी गाडीत बसून पाहत होता. तो फोनवर म्हणाला की, बाबा, मी इथलं सगळं आवरून परत येतो आणि आईजवळ राहतो. आणि कावळा शिवला. त्यानंतर त्याने पाहिलं, त्याचा माइक बंद होता. मीटिंगची सवय, जोडले गेलो की आधी आपला आवाज बंद करायचा. तुमच्यापैकी कुणालाच काही ऐकू गेलं नाही. पण बाबांनी ऐकलं, असं तो धरून बसलाय.

त्याला परत यायचं नाहीये, आई. पंधरा वर्षं कॉर्कमध्ये गेली, क्षितिजाचं सगळं तिथेच आहे. पण शब्द तर दिलाय. तुमच्या दारात आलो तर पुन्हा निघायचं कुठल्या तोंडाने, म्हणून तो येतच नाही. तुम्ही कधी येतोस विचारलं की त्याला वाटतं, बाबाच विचारतायत. मी म्हटलं, ठीक आहे, दिलाय ना शब्द, मग जाऊ परत. ते मनापासून म्हटलं नव्हतं, हे तुमच्यापासून लपवत नाही.

आता तुम्हीच सांगा. तुम्ही या म्हणालात तर मी घर आवरायला घेईन.

तुमची
चैत्राली

श्री
सांगली,
२९ नोव्हेंबर २०२१

चि. परेश यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या बायकोने मला सगळं कळवलंय. तिच्यावर रागावलास तर माझ्याशी गाठ आहे. हे पत्र तिच्यासमोर वाच, बसून वाच.

त्या दिवशी घाटावर मी सगळ्यांच्या मागे उभी होते. संजीव बोलला, आत्या बोलली, तुझा चेहरा त्या फोनमध्ये हलत होता. मला काहीच धड ऐकू येत नव्हतं. मला फक्त हे माहीत होतं की ह्यांचा जीव कशात अडकलाय. शेवटच्या आजारात मी रोज तुझ्या नावाने रडायचे आणि हे रोज मला रागवायचे, पोराला त्याच्या संसारातून ओढू नकोस म्हणून. तेवढ्यावरूनच आमचं शेवटपर्यंत वाजायचं. म्हणून मी पदर तोंडाशी धरून म्हटलं, जा आता, मी परेशला परत ये म्हणणार नाही. आणि कावळा शिवला. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की पाळावं लागलं असतं.

पाळलं नाहीच. कधी येतोस असं विचारायचं आणि मनाशी म्हणायचं, मी परत ये कुठे म्हटलं? अशी मी लबाड बाई. तू तिकडे उपाशी राहत होतास आणि मी इथून टोचत होते. फार वाईट वाटलं रे ते वाचून.

आता कावळा तुझ्या शब्दावर आला की माझ्या, हे सांगायला कुणी नाही. पण ह्यांच्याबरोबर मी पन्नास वर्षं काढली, त्यांना काय हवं होतं ते मला तुझ्याहून जास्त कळतं. तेव्हा माझा शब्द खरा धरायचा. तुझा सुटला. मी आई आहे, मी सोडला.

वर्षश्राद्धाला ये. चैत्रालीला आणि क्षितिजाला घेऊन ये, चार दिवस ताटावर बसून जेव, माझ्यासमोर. परतीचं तिकीट आधी काढ, येण्याचं मागून. मी दारापर्यंत पोचवायला येईन आणि रडणार नाही असं म्हणत नाही, पण अडवणार नाही.

कधी येतोस हे आता मी विचारणार नाही. कधी जातोस, तेवढं कळव.

तुझी
आई