उजेडातला प्लाझ्मा

३ मार्च, मंगळवार

साहेबांचा फोन आला आणि डोक्याचा भुगा झाला!

"हॉलमध्ये मोठा टीव्ही घ्यायचाय. प्लाझ्मा. तू बघून ठेव."

मी म्हटलं, मी?

"मग कोण? त्या घरात तूच तर राहतोस."

खरं आहे. घर साहेबांचं, राहतो मी. साहेब दुसऱ्या शहरात. कधीतरी येतात, दोन दिवस पाय पसरून बसतात, जातात. मी झाडतो, पुसतो, नळ सोडून बघतो, झाडांना पाणी घालतो. हॉलमधल्या खुर्च्यांवर मी बसतसुद्धा नाही. पुसतो फक्त.

टीव्ही त्यांच्या वडिलांसाठी. ते इथे राहायला येणार, कायमचे. त्यांच्या अटी दोनच. टीव्ही मोठा पाहिजे. आणि हॉलच्या खिडक्यांना पडदे लावायचे नाहीत. "बाबांना उजेड लागतो. पडद्याचं नाव काढू नकोस," साहेब म्हणाले.

मग फोन ठेवता ठेवता म्हणाले — "बाबांना पसंत पडलं तर तू कायमचा तिथेच. नाहीतर मला त्यांच्यासाठी दुसरा माणूस बघावा लागेल."

काय पसंत पडलं तर? टीव्ही की मी? विचारायचं होतं. तोवर फोन बंद.

४ मार्च, बुधवार

मला आजवर कुणी 'तू ठरव' म्हटलेलं नाही. हे उचल, ते ठेव, इकडे ये, तिकडे मर — असं सगळे म्हणतात. ठरवायचं कसं असतं?

ताईला फोन केला. तिने टीव्हीचं ऐकूनच घेतलं नाही. "गॅरेज सोडलंस. बेकरी सोडलीस. फ्रेमवाला बिचारा देवमाणूस, त्यालाही सोडलंस. पायाला भिंगरी लावून जन्मलायस. आता तरी एका जागी बूड टेक!"

मी म्हटलं, तेच करतोय ग. पण टीव्ही कुठला घेऊ?

"मला काय विचारतोस? आमचा टीव्ही बंद पडला की तुझे भावजी त्याला दोन थपडा मारतात. मला तेवढंच येतं."

खरं सांगायचं तर या वेळी पाय वळवळत नाहीत. इथे सकाळी हॉलमध्ये ऊन येतं, फरशी गरम होते, मी पुसताना हात टेकून थोडा वेळ तसाच बसतो. मला इथून जायचं नाहीये. हे ताईला सांगितलं नाही. तिने विश्वास ठेवला नसता.

५ मार्च, गुरुवार

मोठ्या दुकानात गेलो. आत काळोख. भिंतभर टीव्ही, सगळ्यांत तीच बाई तेच गाणं म्हणतेय. रंग बघून डोळे फाटले.

टाय लावलेला एक जण आला. आधी "या सर, बसा सर." मी म्हटलं, साहेबांसाठी बघतोय, मी त्यांच्याकडे कामाला असतो. सर गेला, 'तू' आला.

"खोलीत उजेड किती?"

"खूप."

"खूप म्हणजे?"

आता उजेड कशात मोजतात? मी म्हटलं, दुपारी सुईत दोरा ओवता येतो. तो हसला. मग म्हणाला, प्लाझ्माच घे. काळा रंग काळाच दिसतो, चित्र पळालं तरी पुसट होत नाही. डोळ्यांना थंड.

मी विचारलं, हा दाराशी नेऊन उन्हात बघता येईल का?

"टीव्ही घ्यायचाय का वाळत घालायचाय?"

सगळे हसले. मीही हसलो. पण माझं काय चुकलं? खोलीत ऊन, दुकानात काळोख. काळोखात पसंत केलेला टीव्ही उन्हात तसाच दिसेल कशावरून?

६ मार्च, शुक्रवार

दुसरं दुकान. गल्ल्यापाशी एक काकू, चष्मा कपाळावर. तिने प्लाझ्माचं नाव ऐकून कानाला हात लावले.

"उजेडाच्या खोलीत प्लाझ्मा? अरे, समोर काच असते त्याला. आरसा होतो आरसा! स्वतःचं थोबाड बघत बसाल. एलसीडी ने."

मी म्हटलं, साहेबांना प्लाझ्माच पाहिजे. त्यांच्या मित्राकडे आहे.

"मित्राच्या घरी पडदे असतील!"

असतील. मग साहेबांना फोन केला, काकू काय म्हणाली ते सांगितलं. ते मीटिंगमध्ये होते. "अरे, तू उगाच कीस पाडू नकोस. प्लाझ्मा घे, मोठा घे, संपलं."

संपलं कुठे? मोठा घेतला की आरसाही मोठाच होणार ना!

रात्री जेवण गेलं नाही. टायवाला म्हणतो हो, काकू म्हणते नाही, साहेब म्हणतात घे. आणि पसंत करणार साहेबांचे बाबा, म्हणजे आजोबा, ज्यांना मी कधी बघितलेलं नाही.

८ मार्च, रविवार

आज एक युक्ती केली.

फ्रेमवाल्याकडे असताना मोठ्या फोटोंना काच बसवायचो. माळ्यावर एक मोठी रिकामी फ्रेम सापडली, काचेसकट. मागे जुन्या छत्रीचं काळं कापड लावलं. झाला बंद टीव्ही! तो एकेका भिंतीवर टांगला आणि समोर, जिथे आजोबा बसतील तिथे, खुर्ची ठेवून बसलो. पहिल्यांदाच बसलो त्या खुर्चीवर.

पूर्वेच्या खिडकीसमोरची भिंत — सकाळी काचेत अख्खी खिडकी उतरली. समोरच्या इमारतीत वाळत घातलेले टॉवेलसुद्धा मोजता येत होते. दक्षिणेच्या खिडकीसमोरची भिंत — दुपारी तीच गत. दोन खिडक्यांच्या मधला कोपरा — काचेत काही नाही, पण उजेड सरळ डोळ्यांवर, पाणी आलं.

एवढ्यात काचेत मिश्या दिसल्या. वॉचमन मामा उघड्या दारातून डोकावत होते.

"कोण गेलं रे?"

मी म्हटलं, कुणी नाही. का?

"मग काळी फ्रेम लावून समोर हात जोडून काय बसलायस?"

हात जोडले नव्हते. गुडघ्यांत धरले होते. त्यांना टीव्हीचं समजावून सांगितलं. ते मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "तुझ्या डोक्याला पडदा लावायला पाहिजे आधी."

१० मार्च, मंगळवार

सापडलं! म्हणजे, बहुतेक.

फ्रेमवाला सांगायचा — फोटो भिंतीला सपाट टांगू नकोस. वरून जरा पुढे झुकव, मग खिडकी फोटोत उतरत नाही, जमिनीवर सांडते. दक्षिणेसमोरच्या भिंतीवर तसंच करून बघितलं. वरच्या कडेमागे लाकडाचा तुकडा सरकवला. खिडकी गेली! काचेत फक्त फरशी आणि माझे पाय.

पण साडेतीन-चारच्या सुमाराला ऊन तिरकं होऊन थेट काचेवर येतं. तेव्हा काहीच चालत नाही. झुकवा, वाकवा, साष्टांग घाला.

आजोबा चारला झोपतील कदाचित. झोपतात का? कुणाला विचारू?

११ मार्च, बुधवार

पुन्हा टायवाल्याकडे. आज मला बघून "आलं ऊन!" म्हणाला. तरी भला निघाला. आतून एक प्लाझ्मा काढून दाखवला, त्याच्या काचेवर उजेड मारणारा थर आहे. खिशातला मोबाइल पेटवून समोर धरला. साध्या काचेत दिवा चमकला, या काचेत नुसता निळसर डाग. पन्नास इंची. भिंतीवर झुकवून बसवायचा लोखंडी हातसुद्धा त्याच्याकडे आहे.

म्हणाला, "एक लक्षात ठेव. यावर थेट ऊन पडू देऊ नकोस. ऊन यायची वेळ झाली की बंद कर आणि झाकून ठेव."

साहेबांना फोन केला. "हाच?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हाच. बोलताना आवाज माझा नव्हताच जणू. "ठीक," ते म्हणाले. एवढंच!

घेतला. आणि दुकानाबाहेर आल्याबरोबर वाटलं, काकूचं ऐकायला पाहिजे होतं.

१३ मार्च, शुक्रवार

टीव्ही आला. दोघांनी धरला तरी जिन्यात घाम. मी पुढे पुढे — सांभाळून, कोपरा, कोपरा! एक हमाल म्हणाला, "दादा, नवरी नाही ती."

लावला. झुकवला. सकाळी चांगला दिसतो. दुपारी बरा दिसतो. की मला तसं वाटतंय? शंभर वेळा बघितला, आता चांगलं कुठलं आणि वाईट कुठलं तेच समजेना. मामांना वर बोलावलं. त्यांनी पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "बातम्यावाली गोरी आहे."

१५ मार्च, रविवार

आजोबा आले. साहेबांच्या ड्रायव्हरने सोडलं आणि लगेच गेला.

उंच, वाळलेले, कडक इस्त्रीचा शर्ट. हॉलच्या दारात थांबले. बराच वेळ थांबले. मला वाटलं टीव्ही बघतायत.

"खिडक्या उघड्या आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"हो आजोबा. पडदे नाहीत."

"ऊन कुठून येतं?"

मी दाखवलं. त्यांनी उन्हाकडे तोंड केलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "झकास."

टीव्हीबद्दल एक शब्द नाही.

खुर्चीपर्यंत नेलं. माझा हात धरून चालले, दुसरा हात खुर्चीच्या पाठीवरून फिरवला. प्रवासाने थकले असतील. मी टीव्ही लावू का विचारलं. "लाव की." लावला. ते ऐकत बसले. मान जराशी खिडकीकडे. मग म्हणाले, "आवाज छान आहे."

आवाज? आवाजासाठी मी दोन-दोन दुकानं पालथी घातली?

१६ मार्च, सोमवार

पेपर आणून दिला. "वाचला मी," म्हणाले. कधी? मी तर आत्ता आणला. आवडलं नाही बहुतेक. पेपर, टीव्ही, मी — काहीच.

साहेबांचा फोन. "काय म्हणतायत बाबा? पसंत आहे का?" मी म्हटलं, अजून काही बोलले नाहीत. "विचार मग!"

कसं विचारू? तोंड उघडून 'मी पसंत आहे का' असं विचारतात का कुणी?

१७ मार्च, मंगळवार

धीर करून विचारलं. "आजोबा, चित्र बरं दिसतं का? उजेडाचा त्रास होत नाही ना?"

"उजेडाचा कसला त्रास?" एवढंच म्हणाले. आणि मग मलाच विचारायला लागले. कुठला, किती शिकलास, घरी कोण. मी सांगत गेलो. गॅरेज, बेकरी, सगळं. ताईचं 'बूड टेक'सुद्धा सांगितलं. ते इतके हसले की खोकला लागला. "माझंही असंच होतं रे. सतरा ठिकाणी हिंडलो. आता मात्र कुठे हलू नये असं वाटतं. माझ्या मुलाने पुन्हा कुठे पाठवू नये म्हणजे झालं."

मला वाटलं, हे मी बोलायचं वाक्य होतं.

चहा दिला. कपाचा कान मी हातात देईपर्यंत ते हात तसाच पुढे धरून बसले. मोठ्या माणसांची सवय असते, हातात द्यायचं.

तरी टीव्हीचं काय ते समजलंच नाही. उद्या साहेबांना काय सांगू?

१८ मार्च, बुधवार

चारला ऊन काचेवर आलं. टीव्ही बंद केला, काचेवर माझी जाड निळी चादर टाकली, रिमोट ओळखणारी खालची पट्टी तेवढी उघडी राहिली, आणि चहा ठेवायला गेलो. त्या चादरीतून सूर्य दिसत नाही, चित्र कुठलं दिसणार!

स्वयंपाकघरात टीव्हीचा आवाज आला. रिमोट आजोबांच्या हाताशी होता, त्यांनीच लावला. मी चादर काढायला धावलो.

ते चादरीकडे बघत होते. चांगले ताठ बसून, मान डोलवत. माझी पावलं ऐकून म्हणाले, "वा! एवढ्या उन्हातही काय लख्ख दिसतंय रे! निवड चांगली आहे तुझी. मुलाला सांग माझ्या, बाबांना सगळं पसंत आहे."

मी म्हटलं, सांगतो.

मग चादर काढली. अगदी हळू, आवाज होऊ न देता.