आंब्याखालचा ओंडका

माळवाडी (तासगाव),
१७ एप्रिल २०२५

तीर्थस्वरूप आत्यांना,
प्रियदर्शनीचा शिरसाष्टांग नमस्कार.

“झाड बोलत न्हाई गं, म्हणून त्येच्याकडं रोज बघायचं,” असं लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तुम्ही मला म्हणाला होतात. डोक्यावर घागरी घेऊन आपण दोघी रोपांना पाणी घालायला डोंगर चढत होतो. तेव्हापासून रोज बघते आहे.

गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं आणि विश्रामबागेतल्या त्यांच्या घरी वन्सं तुम्हाला जिना चढू देत नाहीत, हे कळलं. बरं करतात. फोनवर तुम्ही ‘बरं हाय’ एवढंच म्हणून फोन त्यांच्या हातात देता, म्हणून पत्र लिहिते. तुमची नात शिवांजली वाचून दाखवेल.

डोंगरावरच्या आपल्या झाडांना भिरूड लागलंय. खोडाला भोक दिसतं, बुंध्याशी लाकडाचा भुसा. आत बोटाएवढी अळी खोड पोखरत असते. वनखात्याची अर्फा येऊन शिकवून गेली. तारेनं अळी ओढून काढायची, रॉकेलचा बोळा भोकात सारायचा, वरून चिखल लिंपायचा. आप्पासो भावजी तिला म्हणाले, “माझ्या दाढंतबी घाल की गं एक बोळा.” ती म्हणाली, “घालते की काका, पण आदी तार घालावी लागंल.” भावजी दिवसभर तोंड मिटून होते.

बरीच झाडं वाचतील. एक वाचणार नाही.

तुम्ही ओळखलंच असेल. नाहीतर बोळ्याचं आणि दाढेचं एवढं लांबण मी कशाला लावलं असतं?

गाव ज्याला ‘वीरधवलचा आंबा’ म्हणतं, तो. ह्यांना, तुमच्या लेकाला, तिरंग्यात गुंडाळून घेऊन आले, त्या पावसाळ्यात तुम्ही लावलेला. यंदा मोहोर फार आला म्हणून तुम्ही हरखला होतात. मीही. अर्फा म्हणते, मरायला टेकलेलं झाड कधीकधी असं फुलतं. आता शेंडा वाळलाय, साल हात लावला की निघून येते. पावसाच्या आत तोडून जाळला नाही, तर आतले किडे बाहेर पडून बाकीच्या झाडांत अंडी घालतील.

भिरूड आलं कुठून, असं तुम्ही विचाराल. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको, म्हणून मीच सांगते. मागच्या साली वाळलेलं झाड पाडलं, तेव्हा “डोंगराचं लाकूड चुलीत घालायचं न्हाई” म्हणालात. पोरांनी त्याचा ओंडका ह्यांच्या आंब्याखाली ठेवला, तुम्हाला बसायला. त्यावर बसून तुम्ही ह्यांच्याशी बोलायचात. भिरूड त्या ओंडक्यात होतं. लाकूड मेलं होतं, आतला किडा नाही. आत्या, तुम्ही ते मायेनं राखलं होतं. स्वतःला बोल लावू नका. मी लावत नाही.

ज्यानं झाड लावलं त्याच्या शब्दाशिवाय कुऱ्हाड उचलायची नाही, हा नियम तुमचाच. त्या नियमानंच डोंगर राखला. म्हणून आता सगळे माझ्याकडे बघतात आणि मी तुमच्याकडे.

होकार फोनवरही देता येईल. पण मला तो तसा नको आहे. ह्यांना नेलं, त्या दिवशी बायकांनी जायचं नसतं म्हणून आपण दोघी उंबऱ्याच्या आतच राहिलो. तुम्ही दाराची चौकट धरली होती, मी तुमचा पदर. आपल्याला फक्त धूर दिसला.

आंबा डोंगरावरच जाळायचा आहे. तुम्ही या. आप्पासो भावजी खुर्चीत बसवून वर न्यायला तयार आहेत. काडी तुम्ही लावा. मी शेजारी उभी राहीन. कुणी काही म्हणालं तर मी बोलेन.

“माझ्याच्यानं न्हाई व्हायचं, पोरी,” हे तुमचं उत्तर मला लिहितानाच ऐकू येतंय. तरी या, आत्या.

त्या दिवसापासून तुमचा पदर धरून असलेली,
प्रियदर्शनी