झाडांकडचं फाटक

गुरुवार, २१ मार्च

सकाळी अठरा अंश फॅरनहाइट – बादलीतलं पाणी दगड. दुपारी अठ्ठावन्न – नुसत्या सदऱ्यावर काम! हा मार्च काही धड नाही. अंगणात इतका चिखल की बूट आत राहतो आणि पाय तेवढा वर येतो. चादरी बाहेर वाळत घातल्या, नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा. कुंपणाच्या खांबावर चंडोल गायला.

चौतीस वासरं झाली. साठेक गाई अजून व्यायच्यात.

सासऱ्यांनी आज पुन्हा कॉफीचं भांडं शेगडीवर ठेवलं आणि विसरले. तळ जळून कोळसा. या महिन्यातलं दुसरं. मी बोलले नाही, खिडकी उघडली. ड्वेन मात्र जेवताना बोललाच. "बाबा, व्हर्नाने गावात खोली बघून ठेवलीय. दवाखाना समोर, चर्च कोपऱ्यावर. उन्हाळ्यापर्यंत तरी राहून बघा." नणंदबाई दोन वर्षं हेच म्हणतायत, नवरा दोन वर्षं हेच म्हणतोय. बाबांनी पावाला लोणी लावलं, पार कडेपर्यंत, आणि म्हणाले, "गावात सकाळी उठून बघू काय? समोरच्याची मोटार?"

शुक्रवार, २२ मार्च

बासष्ट! दक्षिणेचा वारा. रेडिओ म्हणतो उद्या सरी, मग निवळेल. बाबा म्हणतात वारा फिरणार. "गाईंकडे बघा. सगळ्या एकाच अंगाला पाठ करून उभ्या आहेत." ड्वेन म्हणाला, "त्या दर शुक्रवारी तशाच उभ्या असतात." मीही हसले.

संध्याकाळी उत्तरेच्या कुरणात चारा टाकून येताना बघते तर झाडांकडचं फाटक सताड उघडं! पलीकडे जुन्या झाडांच्या पायथ्याशी माझी सीडरची रोपं. दोनशे. गेला अख्खा उन्हाळा पिंपाने पाणी घालून जगवलीत. गाई एकदा आत शिरल्या की एक उरणार नाही. दुसरं कोण, बाबाच विसरले. फाटक ओढलं, साखळी अडकवली. घरी कुणाजवळ बोलले नाही. कशाला? ड्वेनला आयतंच निमित्त मिळालं असतं. म्हाताऱ्याची लाज राखली.

शनिवार, २३ मार्च

पाऊस. दुपारी गारा. चार वाजता पाऊस आडवा झाला, पाच वाजता पांढरा. फोन बंद. बाबा आणि ड्वेन गोठ्यात, एका पहिलटकरणीपाशी – वासरू उलटं आहे.

रविवार, २४ मार्च

काही दिसत नाही. गोठा घरापासून पन्नास पावलांवर, तो नाहीसा झालाय. ड्वेन कमरेला दोर बांधून गोठ्यात जाऊन आला तर भुवया पांढऱ्या, बोलता येईना. कुरणापर्यंत जायचा प्रश्नच नाही. वारा वायव्येचा, घर थरथरतंय.

बाबा टेबलाशी निवांत पत्ते लावत बसले होते. ड्वेन खिडकीपाशी येरझारा घालत होता. बाबा म्हणाले, "बस रे. गाई केव्हाच झाडांमागे गेल्या असतील. वारा वाजायला लागला की त्या आपसूक खाली सरकतात. फाटक मी शुक्रवारीच उघडून ठेवलंय. काल गोठ्यात सांगितलं ना तुला?"

"हो, सांगितलंत," ड्वेन म्हणाला, आणि बसला.

माझ्या हातात सूपची वाटी होती. ती मी हळूच खाली ठेवली.

तेव्हा बोलायला हवं होतं. बोलले असते तर ड्वेन गेला असता. दीड मैल, अशा वादळात – तो गेला असता, आणि परत आला नसता. म्हणून गप्प बसले, असं मी दिवसभर स्वतःला सांगतेय. ते खरं आहे. पण त्याच्या आधी, अगदी पहिल्या क्षणी, माझ्या मनात ड्वेन आलाच नव्हता. मनात आलं होतं – हे माझ्यावर येणार.

सोमवार, २५ मार्च

निळंभोर आकाश. डोळे दिपवणारं ऊन. वारा नावालाही नाही. कसा दिवस होता आणि काय बघावं लागलं.

गाई वाऱ्याबरोबर सरकत आल्या होत्या, बाबा म्हणाले तशाच, बरोब्बर फाटकापर्यंत. आणि तिथे अडल्या. आडोसा फाटकाच्या पलीकडे चाळीस पावलांवर! बर्फ त्यांच्या पाठींपर्यंत चढलेला. वासरं त्यांच्या पायांत, खाली. अकरा वासरं. तीन गाई. लाल कानाची, जी माझ्या हातून साखर खायची, ती पण.

साखळी गोठून गच्च झाली होती. ड्वेनने हातोड्याने फोडली. मग बाबांकडे वळला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "बाबा, फाटक लावलेलं होतं."

"मी उघडलं होतं."

"साखळी अडकवलेली होती, बाबा."

"उघडलं होतं रे. खांबाला तारेने बांधून..." बाबांनी हातमोजा काढला आणि आपल्या हाताकडे बघत राहिले, जणू तो सांगेल. मग माझ्याकडे बघितलं. "उघडलं होतं ना मी?"

मी म्हटलं, "थंडी आहे बाबा, हातमोजा घाला."

एवढंच म्हटलं.

लग्न होऊन या घरात आले त्या आठवड्यात बाबांनी मला पिकअपमधून सगळी जमीन दाखवली होती. दर फाटकाशी थांबायचे. "आर्डिस, इथे एकच नियम. फाटक जसं दिसेल तसंच सोडायचं. उघडं तर उघडं, बंद तर बंद. ज्याने तसं ठेवलं त्याच्यापाशी कारण असतं." सव्वीस वर्षांत मी तो एकदा मोडला. कारण मी ठरवूनच टाकलं होतं की या माणसापाशी आता कारणं उरली नाहीत.

शुक्रवारचं पान उघडून वाचलं. माझंच अक्षर. 'म्हाताऱ्याची लाज राखली.' फाडावंसं वाटलं. फाडलं नाही.

मंगळवार, २६ मार्च

चाळीस अंश, ढगाळ. शेजारचा पामर ट्रॅक्टर घेऊन आला मेलेली जनावरं ओढायला. त्याचीही पाच गेली. बाबांना ऐकू जाणार नाही अशा बेताने मला म्हणाला, "वेंडेलिनकाकांना दोष देऊ नकोस गं. माझा बाप तर शेवटी शेवटी स्वतःच्या कुत्र्याचं नाव विसरला होता." मी मान डोलावली! देवा, मी मान डोलावली.

मेलेल्या गाईंची दोन वासरं जगलीत. बाबांनी गोठ्यात बसून मेलेल्या वासराचं कातडं सोलून काढलं, चार पायांना भोकं ठेवून, आणि पोरक्या वासराच्या अंगावर चढवलं, दोरीने बांधलं. एकदाही हात अडखळला नाही. जिचं वासरू गेलं होतं त्या गाईने हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि चाटायला लागली. वासरू ढुशा मारत प्यायला लागलं. दरवर्षी एखाद-दुसरं असं करावं लागतं, मला त्याचं काही वाटत नाही. आज बाहेर निघून आले.

जेवताना बाबांनी पिकअपच्या चाव्या टेबलावर ठेवल्या. "व्हर्नाला फोन कर. ती खोली घेतो. मी आता इथे धोक्याचा झालोय."

ड्वेनचे डोळे भरून आले. पण खांदे सैल झाले, तेही मी बघितलं.

बुधवार, २७ मार्च

पंचावन्न. सगळीकडून पाणी पळतंय. रस्त्याकडेचे खड्डे नद्या झालेत, त्यात बदकंसुद्धा उतरली! तीन दिवसांपूर्वी इथेच माणूस मेला असता.

ईस्टरच्या आधीची पापांची कबुली द्यायला चर्चमध्ये गेलो. मी फादरना सांगितलं – उपवासाच्या शुक्रवारी चुकून सॉसेज खाल्लं. नणंदेचा राग केला. जाळीपलीकडून ते म्हणाले, "आणखी काही?" मी म्हटलं, "नाही, फादर." म्हणजे आता हेही एक वाढलं.

परतताना गाडीत ड्वेनला सांगितलं. एका दमात. त्याने गाडी कडेला घेतली, बंद केली. मग म्हणाला, "त्यांना सांगू नकोस."

"अरे, पण..."

"दोन वर्षं मी विनवतोय, आर्डिस. ते खरंच विसरतात! गेल्या महिन्यात मधल्या रस्त्यावर पिकअप थांबवून बसले होते, कुठे निघालो ते आठवेना म्हणून. मी तुला सांगितलं नव्हतं. आता स्वतःहून हो म्हणालेत. हे सांगितलंस तर परत ट्रॅक्टरवर चढतील आणि एक दिवस त्याच्याखाली सापडतील. मग?"

"आणि वासरं?"

"वासरं मेली. तुझ्यावर मी रागावलोय, खूप रागावलोय. पण सांगू नकोस."

मी 'बरं' म्हटलं. किती पटकन म्हटलं! नवऱ्याने सांगितलं म्हणून, असं आता म्हणता येईल ना.

गुरुवार, २८ मार्च

धुकं. ईस्टर झाला की जायचं म्हणून बाबांनी बॅग भरली. एकच. त्यांनी व्हर्नाच्या खोलीला खिडकी कुठल्या बाजूला आहे ते विचारलं. मी म्हटलं पूर्वेला. तासाभराने पुन्हा विचारलं. पूर्वेला, बाबा.

झोपायला जाता जाता म्हणाले, "तू सांगत जा हं ड्वेनला, वारा फिरायचा झाला की. त्याला कळत नाही."

शुक्रवार, २९ मार्च. गुड फ्रायडे

सकाळी बर्फाची भुरभुर, दहाला ऊन, दुपारी पुन्हा भुरभुर. बटाटे आजच लावायचे. बाबांचे आजोबा रशियातून आले तेव्हापासून गुड फ्रायडे चुकलेला नाही, मग जमीन लोखंड का असेना. घराच्या दक्षिण भिंतीलगत तेवढी हातभर माती मोकळी झालीय. बाबा गुडघ्यांवर बसून डोळे असलेल्या फोडी रोवत होते, मी बादली धरून उभी.

म्हणाले, "हे काढायला मी काही नसेन. आधी उगवतात का ते कळव."

मग मला राहवेना. चिखलातच खाली बसले. "बाबा, फाटक तुम्ही उघडलं होतं. मी लावलं. शुक्रवारी संध्याकाळी. मला वाटलं तुम्ही विसरलात. सीडर वाचवायला लावलं. आणि मग बोलले नाही."

त्यांचा हात मातीत तसाच. "तारेने बांधलं होतं?"

"हो. मीच सोडली तार." हे त्या दिवशी लिहिलंसुद्धा नव्हतं.

"म्हणजे मी उघडलं होतं!" ते हसायला लागले. मातीच्या हाताने तोंड पुसलं, सगळी दाढी चिखलाची, आणि रडत होते, आणि हसत होते. "उघडलं होतं! चार रात्री मी तो हात आठवतोय, तार पिळताना. म्हटलं, हे पण खोटं निघालं!" मग बोट रोखलं माझ्यावर. "आणि तू! काय सांगितलं होतं पहिल्याच आठवड्यात?"

"जसं दिसेल तसंच सोडायचं."

"अकरा वासरं, पोरी." हातातली फोड मातीत दाबली. मग – "आण ती बादली. चार फोडी उरल्यात."

घरात येऊन त्यांनी टेबलावरच्या चाव्या खिशात घातल्या आणि ड्वेनला स्वतःच सगळं सांगितलं, मोठमोठ्याने. ड्वेनने काटा खाली ठेवला. माझ्याशी बोललेला नाही. नाही तर नाही. आज मला झोप लागेल.

रविवार, ३१ मार्च. ईस्टर

साठ अंश. बर्फ फक्त खड्ड्यांतून उरलाय.

चर्चहून आल्यावर बाबांनी मला कोठीच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटलं. टोपी हातात. "पोरी, एक सांगायचंय. ड्वेनला कळू देऊ नकोस. वादळाच्या आधी ते झाडांकडचं फाटक उघडायचं – मी विसरलो. अकरा वासरं गेली माझ्यापायी."

मी त्यांना सगळं सांगितलं, पहिल्यापासून, तारेसकट. तसेच हसले, तसेच रडले, तसंच बोट रोखलं. उद्या पुन्हा सांगावं लागेल.