डब्याखालचा नांगर

ती. आत्यास,

नुकतीच होडीतून उतरून लिहायला बसले आहे, तेव्हा नमस्कार थोडा डुलता समजून घे. गुडघे काय म्हणतात? जिना चढू नकोस. मी बरी आहे (नाक उन्हानं सोललंय, पण आईला कळवू नकोस).

पत्राचं कारण म्हणजे या आठवड्यात आमच्या बेटावर मोठा शोध लागला आणि तो मी लावला नाही. उलट मी त्याच्यावर बसले होते. तुला ठाऊकच आहे, दोन हजार वर्षांपूर्वी इथं बंदर होतं, दूरदूरची जहाजं यायची, आणि त्यांच्यातून आलेल्या, आता फुटलेल्या रांजणांची चित्रं काढायला मला नेमलंय. खोदकामाजवळ बसण्याजोगा एकच सपाट दगड होता. त्यावर बसून मी अकरा दिवस डबा खाल्ला. त्याला एका टोकाशी भोक होतं, त्यात पाण्याची बाटली छान बसायची. बाराव्या दिवशी आमची ने-आण करणारा नावाडी (हा माणूस दिवसाला चार वाक्यं बोलतो) समोर उभा राहून म्हणाला, "तुम्ही नांगरावर बसलाय." मी हसले. त्यानं बाटली काढून भोकातून दोर ओवला आणि जुनी जहाजं असा दगड पाण्यात सोडून कशी थांबायची ते दाखवलं, तेव्हा उठले.

मग खोदकामाचे प्रमुख, आमचे साहेब आले. पाच वर्षं खणून त्यांना जहाजाचा खिळासुद्धा मिळाला नव्हता, त्यामुळे त्यांनी दगडाला मिठीच मारली. त्यावर तेलाचा डाग दिसल्यावर तर त्यांचा आवाज बदलला. संध्याकाळपर्यंत तेलाच्या प्राचीन व्यापारावर सहा पानी टिपण तयार. तीन दिवसांनी ते विद्वानांसमोर वाचायचं होतं. आत्या, डाग माझ्या भाजीचा होता. दोन दिवस विचार केला. गप्प राहावं तर त्यांचं हसं, बोलावं तर माझी नोकरी. शेवटी नावाड्याला विचारलं. तो म्हणाला, "सांगून टाका. मी सोबत येतो." आला, आणि दाराशी उभा राहिला. साहेबांनी सगळं ऐकलं, सहाही पानं फाडली आणि विचारलं, "भाजी कसली होती?"

नोकरी राहिली. नव्या टिपणात फक्त नांगर आहे, आणि शोधणारा म्हणून नावाड्याचं नाव.

तुझी भाची

ता. क. दगडावर बसायला आता मनाई आहे. मी होडीत जेवते.

ता. क. २. होडीत आम्ही दोघं जेवतो. त्यानं लग्नाचं विचारलं, मी हो म्हटलंय. पत्राचं खरं कारण हे. बाबांना तू सांग, थोरल्या बहिणीपुढे त्यांचा आवाज चढत नाही. मुलगा काय करतो असं विचारतील, तेव्हा आधी नांगराचं सांग, होडीचं मागाहून.