घाटातल्या देवाला दिलेला हॉर्न

प्रिय रांफाय, थोरल्या भावाचे आशीर्वाद.

उत्तरेकडच्या मे होंग सोन प्रांतातल्या घाटात आज मोटारसायकल ढगांवरून तरंगत असल्यासारखी चालली होती. प्रकृती उत्तम आहे; गुडघ्याविषयी विचारू नये. आईचा खोकला कसा आहे?

वळणावरच्या देवळीपाशी हॉर्न न देताच निघालो, तेव्हा केळी तळणारी बाई ओरडली, "आजोबा, घाटदेवाला हॉर्न द्या की! वर जायची एवढी घाई आहे होय?"

तुझाही तोच आग्रह होता, म्हणून थांबून वाजवला. धुक्यातून दुसरा हॉर्न उमटला, पाठोपाठ समोरून, रस्त्याच्या माझ्याच बाजूने एक ट्रक उतरला आणि धुके पुन्हा मिटले.

यावरून देव सिद्ध होत नाही. उत्तर ट्रकने दिले, एवढेच सिद्ध होते. तरीही यापुढे प्रत्येक देवळीपाशी हॉर्न देईन. तू माझ्या काळजीने जागू नकोस.

तुझा,
थाविनदादा