पाळण्यातला वरवंटा

बाबा, तुमच्या कादंबरीचा सिनेमा होतोय आणि मी पार थकून गेलेय. पटकथा माझी, दिग्दर्शनही माझंच, त्यामुळे कुणावर चिडायचीही सोय नाही. तुमच्या पुस्तकातला झपाटलेला पाळणा नुसता आपोआप हलतो आणि घरातली माणसं एकेक करून वेडी होतात. निर्मात्याला मात्र पाळण्यातून रक्त ठिबकायला हवंय. "मॅडम, नुसतं हलल्याने पब्लिक घाबरणार आहे का?" महिनाभर हाच वाद चाललाय.

तलासरीच्या शाळेतून आलात की तुम्ही स्वयंपाकघरातच लिहायला बसायचात. आई भाकऱ्या थापतेय, तुम्ही पाटावर कागद ठेवून मान खाली घातलीय, आणि आपला पाळणा वर माळ्यावर आहे. माझ्याआधीची मुलगी बारशाआधीच गेली, एवढंच मला माहीत. तिच्याबद्दल तुम्ही कधी बोलला नाहीत, पुस्तक तेवढं लिहिलंत. आईने ते कधी वाचलं नाही, याचा मला तुमच्या वतीने राग यायचा.

काल चिखल्याला एका घरात शूटिंग होतं. पाळणा आपलाच, डहाणूहून टेम्पोतून नेलेला. आईही हट्टाने सोबत आली. युनिटमधल्या एकाने पाळण्याची दोरी हातात घेतली मात्र, ती पुढे झाली.

"रिकामा पाळणा हलवू नका."

"अगं, सीनच तो आहे. भूत हलवतं."

"भूत नव्हती ती," आई म्हणाली. "बारा दिवसांचीसुद्धा झाली नव्हती."

म्हणजे न वाचताही तिला सगळं ठाऊक होतं. तिने त्या घरच्यांकडून वरवंटा मागून आणला, पिशवीतल्या धुतलेल्या साडीत गुंडाळला आणि बारशाला बाळाच्या आधी निजवतात तसा पाळण्यात निजवला. दोरी तिने कुणाला दिली नाही. कॅमेऱ्यात ना वरवंटा दिसत होता ना ती. पाळणा मात्र जड हलत होता, आत कुणी असल्यासारखा. निर्माता रक्ताचं पुन्हा बोलला नाही.

नंतर साऊंडवाला म्हणाला, "आजी वाकून काहीतरी कुजबुजल्यात, नाव असावं. टेकमध्ये आलंय. काढून टाकू?" मी नको म्हटलं आणि ते माझ्या फोनवर घेतलं.

ते नाव तुम्हाला कळवावं म्हणून आज लिहायला बसले. पण बाबा, अजून मी ते ऐकलेलं नाही.